पंधरा तासांवरचं लग्न

परत आल्यापासून राजूरच्या मंदिरासमोरच्या हॉटेलात बसलो की जो तो एकच विचारतो, "शेठ, किती घंटे लागतात हो न्यूझीलंडला?" आता मी सांगतो, तीन दिवस धरा आणि चौथा हातात ठेवा. विचारणारा हसतो. त्याला वाटतं शेठ मोठेपणा सांगून राह्यले. पूर्वी मीही असाच हसलो असतो, कारण खरा आकडा मला पाठ होता. मुंबई ते क्राइस्टचर्च बारा हजार किलोमीटरच्या थोडं वर, विमानाला पंधरा तास. फोनवर बघून ठेवलं होतं. जाण्याच्या तीन वर्षं आधीच बघितलं होतं, आणि तेही जायचं म्हणून नाही, भांडायचं म्हणून.

भांडण माझ्या धाकट्या बहिणीशी, संगीताशी. तिला हसनाबादच्या दिलीपरावांना दिली. दाजी दूध डेअरीत होते. न्यूझीलंडच्या एका मोठ्या गोठ्यावर काम मिळालं तेव्हा बायको आणि शाळेत जाणारी मयुरी, दोघींना घेऊन गेले. पुढे माझ्या मनीषाचं लग्न राजूरला झालं. आत्या म्हणून संगीताचा पहिला मान. ती आली नाही. फोनवर म्हणाली, "दादा, येण्याजाण्यातच सहा दिवस जातेत. गाई व्यायचा हंगाम आहे, एवढी सुट्टी न्हाई देत."

मी म्हणालो, "सहा दिवस? विमानाला पंधरा तास लागतात. लिहिलंय इथं. सकाळी निघालीस तर दुसऱ्या सकाळी राजूरला चहा पिशील."

ती म्हणाली, "ते पंधरा तास कुठले मला माहीत न्हाई, दादा."

फोन मी ठेवला. लग्नात जेवढे पाहुणे आले, तेवढ्यांना फोनवरचा तो आकडा दाखवला. पंधरा तासांवरची बहीण आली नाही, हे मी तीन वर्षं सांगत होतो.

राजूर

गेल्या वर्षी मयुरीचं लग्न ठरलं. मुलगा तिकडचाच, गोरा, डॅनियल नावाचा, शेतकऱ्याच्या घरचा. लग्न मात्र आपल्या पद्धतीनं, भटजी बोलावून. पत्रिका फोनवर आली. दाजी अक्षता घेऊन आले नाहीत, त्यांचा भाऊ हसनाबादेत राहतो त्यालाही पाठवलं नाही. मला राग आला आणि तो अजून पुरता गेलेला नाही. हसनाबाद ते राजूर यायला काय विमान लागतं?

मी म्हणालो, जाणार नाही. आमची सुमन पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "कामून? पंधराच तर घंटे आहेत."

दोन दिवसांनी मयुरीचाच फोन आला. तिकडं राहून तिचं मराठी जरा कडक झालंय, एकेक शब्द सुटा पडतो. "मामा, मम्मी म्हणते मामाची पिवळी साडी नेसून गौरीहराजवळ बसायचं. मग मामा हात धरून मांडवात आणतो. इथे सगळ्यांना मी हे सांगितलंय. डॅनियलच्या आजीला पण. तुम्ही येताय ना?"

आता यावर कोण नाही म्हणेल? जालन्याच्या कापडबाजारात अर्धा दिवस घालवून पिवळी साडी घेतली. दुकानदाराला घाम फोडला, पण साडी अशी घेतली की सुमननंही नावं ठेवली नाहीत.

इथं माझ्या धंद्याचं थोडं सांगावं लागेल, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. मी मोसंबीच्या उभ्या बागा घेतो. फळ झाडावर असतानाच सौदा होतो, वजन नंतर. बागवाला म्हणतो चाळीस टन निघेल. मी बागेत फिरतो, दोन फांद्या हलवतो आणि मनात म्हणतो तीस. तोही मनात तेच म्हणत असतो. सांगितलेला आकडा आणि खरा आकडा यात जे अंतर असतं त्यावर माझं घर उभं आहे. वडील दुसऱ्याच्या बागेत फळं तोडायला जायचे. मी तिथून इथवर आलो ते समोरचा सांगेल त्यातून काप काढत. ही सवय जिभेला नाही, हाडाला असते.

जालन्यात तिकिटं काढणारा रफिक म्हणाला, "शेठ, सोमवारी निघा, बुधवारी पोचता. लग्न शनिवारी. बीच में कुछ हुआ तो दिवस हातात राहतात."

"दुसरं काय आहे?"

"बुधवारी निघून शुक्रवारी सकाळी पोचायचं. पण डिसेंबर आहे, विमानं भरलेली असतात. सिंगापूरला विमान बदलायचं आहे. मी आपला नाही म्हणणार."

धावडा गावच्या एका बागेचा सौदा त्याच आठवड्यात ठरायचा होता. बागवाला अडून बसला होता, मी गेलो असतो तर तिसऱ्यानं उचलली असती. शिवाय रफिकच्या बोलण्यातून मी माझ्या पद्धतीनं काप काढला. तो सावध माणूस आहे, जास्तच सांगणार. संगीताही म्हणाली होती, "तीन दिवस हातात ठेव, दादा." तिच्या तीन दिवसांवर तर माझा जुनाच राग. मी बुधवार घेतला. एक पूर्ण दिवस शिल्लक राहत होता. आणि मुहूर्त साडेअकराचा म्हटलं तरी आपल्याकडं साडेअकराचं लग्न दीडला लागतं, हे नवरदेवाच्या घोड्यालाही माहीत असतं.

बुधवारी धावड्याची बाग झाली, माझ्या भावात. खुशीत निघालो.

सिंगापूर

संभाजीनगर, मुंबई, विमानात बसणं, कानात दडे बसणं, हे सगळ्यांचं सारखंच असतं. सांगण्यासारखं एवढंच की शेजारच्या दोघांना मी धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी दिली, आणि विमानात जेवण वाढणाऱ्या पोरीनंही वास घेऊन विचारलं, हे काय आहे. तिलाही दिला एक.

सिंगापूरचं विमानतळ म्हणजे जालना शहर उचलून छताखाली ठेवल्यासारखं. गालिचा असा की जालन्यापासून राजूरपर्यंत अंथरला तरी उरेल. आत बाग, बागेत तळं, तळ्यात मासे. मी झाडं बघून आलो. फुलं भरपूर, फळ एक नाही. पुढचं विमान संध्याकाळी होतं. दिवसभर फिरलो, भात आणि नारळाची आमटी खाल्ली, बाकावर आडवा झालो.

संध्याकाळ होत आली तेव्हा वाटलं, मयुरीला साडीशिवाय आपल्या मनानं काहीतरी द्यावं. एका दुकानात बायकांचं नाजूक घड्याळ दिसलं. विकणारा पोऱ्या गळ्यात टाय घातलेला, अदबीचा. त्यानं किंमत सांगितली. मी माझी सांगितली.

तो म्हणाला, "फिक्स प्राइस, सर."

फिक्स प्राइस मी आयुष्यभर ऐकत आलोय. मी हसलो, थोडी वाढवली. तो म्हणाला, "फिक्स प्राइस, सर." मी घड्याळ काचेवर ठेवलं आणि बाहेर पडलो. सावकाश चाललो. पाठीमागून हाक येते. नेहमी येते. जाफराबादच्या बाजारात येते, नागपूरच्या मंडीत येते, दिल्लीतसुद्धा आली होती. इथं आली नाही. वळून बघितलं तर तो पोऱ्या कपड्यानं काच पुसत होता.

समोरच्या दुकानात जरा वेळ काढून मी पुन्हा गेलो. पुन्हा तेच. पुन्हा बाहेर पडलो, या वेळी जरा तोऱ्यात. तो माझ्याकडं बघून हसलासुद्धा, पण बोलावलं नाही. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा मला घड्याळ नको होतं, त्याचा एक शब्द खाली आलेला हवा होता. आला नाही. रागारागानं त्याच्याच किमतीला घेतलं.

मधे एकदा तिकिटावर बघितलं होतं, दरवाजा किती वाजता बंद होतो ते. पण तो छापलेला आकडा मला बागवाल्यानं सांगितलेल्या आकड्यासारखा वाटला. विमान तर त्याच्या पुष्कळ नंतर सुटणार होतं. मधला वेळ माझाच, असा माझा हिशेब.

दरवाजा दुसऱ्या इमारतीत निघाला. मधे एक छोटी आगगाडी लागते. मी पोचलो तेव्हा पट्टा लावलेला होता आणि एक मुलगी व एक माणूस कागद आवरत होते. काचेपलीकडं विमान उभं. त्याची खिडकी न खिडकी दिसत होती.

"गेट क्लोज्ड, सर."

मी म्हणालो, "वो खडा है ना! सामने खडा है!"

"सॉरी सर. गेट क्लोज्ड."

"पाच मिनिट! दो मिनिट! अहो, एसटीसुद्धा माणूस पळत येताना दिसला की थांबते!" शेवटचं मराठीतच निघालं. मग मी जे बोललो ते लिहिण्यासारखं नाही. आवाज असा चढला की लांबची माणसं उभी राहून बघायला लागली. ती मुलगी एवढंसंही चिडली नाही. तिनं मला पाण्याची बाटली दिली. चिडणाऱ्या माणसाशी मी दोन तास भांडू शकतो. बाटली देणाऱ्याशी कसं भांडायचं ते मला येत नाही. विमान मागं सरकलं, वळलं आणि गेलं. मी बाटली धरून बघत राहिलो.

तिकीट बदलायच्या खिडकीवर एक चेन्नईकडची बाई होती, हिंदी बोलणारी. ती म्हणाली, उद्याचं सरळ विमान भरलेलं आहे. ऑकलंडवरून जावं लागेल, तिथून दुसरं विमान, शनिवारी सकाळी साडेदहाला क्राइस्टचर्च.

मी म्हणालो, "इतना टाइम? मुंबई से पंधरा घंटे का रास्ता है." आणि फोनवरचं ते पान तिच्यापुढं धरलं, जे मी अख्ख्या भावकीला दाखवलं होतं.

तिनं नीट वाचलं. "सर, ये तो नक्शे पे सीधी लाइन है. ऐसा कोई विमान है नहीं."

"है नहीं मतलब?"

"मुंबई से क्राइस्टचर्च कोई सीधा जाता ही नहीं. किसी ने बस हिसाब लगा के लिख दिया है."

म्हणजे तीन वर्षं मी ज्या विमानानं बहिणीला बोलावत होतो ते विमानच नव्हतं. त्या खिडकीपाशी हे कळलं, आणि खरं सांगतो, त्या वेळी मला बहिणीची दया आली नाही. मला त्या पान लिहिणाऱ्याचा राग आला.

संगीताला फोन लावला. "विमान चुकलं."

मला वाटलं आता तिचं तोंड सुटेल. मी तयार होतो.

"मंग आता?" तिनं विचारलं.

"शनिवारी साडेदहाला उतरतो."

"तिथून ऍशबर्टनचा हॉल गाडीनं एक तास आहे, दादा. साडेअकराचा मुहूर्त."

"तेच म्हणतो. जमतंय. नाहीतर अर्धा तास पुढं ढकल."

"हे मोसंबीचं न्हाई, दादा. भटजींना दुसरं लग्न आहे. इकडचे पाहुणे सव्वाअकराला खुर्च्यांवर बसलेले असतेत. तू ये बराबर." मग थांबून म्हणाली, "वाटंत कुणाशी भांडू नको फक्त."

ऑकलंड

दुसरा दिवस आणि विमानातली रात्र काढून शनिवारी सकाळी ऑकलंडला उतरलो. अजून सगळं जमत होतं. हातात पुढच्या विमानाचं तिकीट, पिशवीत साडी, अंगावर तीच चुरगळलेली सफारी.

न्यूझीलंडला जाणाऱ्यांसाठी एक सांगून ठेवतो. तिथं बाहेरून आलेलं बी, फळ, पान, माती, लाकूड, काही आत जाऊ देत नाहीत. बुटाच्या तळव्याला माती असली तरी बूट धुवायला लावतात. त्यांची सगळी दौलत गुरं आणि गवत, रोग शिरला तर देश बसेल. हे मला मोसंबीचा व्यापारी म्हणून आज पटतं. आपल्याकडं असा पहारा असता तर मोसंबीवरचे निम्मे रोग आले नसते. पण त्या सकाळी पटलं नाही.

सुमननं ओटीचं सामान बांधून दिलं होतं. नारळ, सुपाऱ्या, हळकुंडं आणि राजूरच्या गणपतीच्या पायाशी ठेवून आणलेल्या अक्षता. ते मी कागदावर खरं लिहिलं होतं, कारण खोटं लिहिलं तर मोठा दंड होतो असं रफिकनं बजावलं होतं. तपासणारी बाई साठीच्या घरातली, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला. तिनं नारळ बाजूला ठेवला, सुपारी ठेवली, हळकुंडं ठेवली. तिथवर मी जाऊ दिलं. मग अक्षतांची पुडी उघडली.

"व्हॉट इज धिस?"

मी म्हणालो, "ब्लेसिंग."

तिनं पुडी उजेडाकडं धरली. "इट इज राइस."

"राइस नाही. मॅरेज. हेड." मी डोक्यावर टाकून दाखवलं.

ती हसली, चांगली हसली, आणि म्हणाली की तिथं दुकानात तांदूळ मिळतो, तो वापरा. आणि पुडी बाजूच्या डब्यात टाकली.

इथं मी थांबायला हवं होतं. पण देवापुढच्या अक्षता कचऱ्यात पडलेल्या बघून माझं डोकं फिरलं. नारळ घ्या, सुपारी घ्या, अक्षता द्या, असा मी सौदा घातला. मग अर्ध्या द्या म्हणालो. मग चिमूटभर. मग तिच्या साहेबाला बोलवा म्हणालो. साहेब आला. त्याच्याशी पुन्हा पहिल्यापासून, चिमूटभरापर्यंत. तो शांतपणे ऐकत होता आणि मी जिंकतोय असं मला वाटत होतं, कारण आपल्याकडं ऐकून घेणारा माणूस शेवटी थोडंतरी सोडतोच. त्यानं सगळं ऐकलं आणि मान हलवली. मग मी एवढा वाद घातला म्हणून माझी दुसरी बॅगही उघडायला लावली, आणि नियमानं सगळी तपासली.

बाहेर पडून देशातल्या विमानांच्या इमारतीकडं धावलो. माझं विमान गेलं होतं. इथं मात्र मी आवाज केला नाही. कोणाशी करणार? खिडकीवरच्या पोरानं पुढच्या विमानात जागा दिली, आणि वर म्हणाला, "एंजॉय द वेडिंग." पिवळी साडी माझ्या हातातच होती, कागदातून काठ दिसत होता.

ऍशबर्टन

क्राइस्टचर्चला उतरलो तेव्हा साडेअकरा होऊन गेले होते. टॅक्सीवाला फिजीचा निघाला. त्याच्या आजाच्या आजाला इंग्रजांनी ऊस तोडायला तिकडं नेलं होतं. तो म्हणाला, "भैया, हमार आजा के आजा हिंदुस्तान से आइस रहा." मी म्हणालो, गाडी पळव. तो म्हणाला, "सौ के ऊपर नई जाए सकता." आणि अगदी तेवढ्यावरच काटा ठेवला. ना कमी, ना जास्त.

आपल्यापेक्षा सपाट मुलूख. मराठवाडाही सपाटच, पण आपल्याकडं मधे एखादी टेकडी, एखादं गाव आडवं येतं. इथं रस्ता ताणलेल्या दोरीसारखा. दोन्ही बाजूंना हिरवंगार गवत, चाकांवरचे लांबलचक पाइप शेतात आपोआप फिरत पाणी शिंपतायत, आणि त्यामागं पांढऱ्या डोंगरांची रांग, भर उन्हाळ्यात बर्फ डोक्यावर घेतलेली. डिसेंबरात तिकडं उन्हाळा असतो. मेंढ्या इतक्या की दगड वाटाव्यात. दुसऱ्या कुठल्या वेळी मी गाडी थांबवून बघितलं असतं. त्या वेळी मला फक्त पाट्यांवरचे किलोमीटर दिसत होते. मनात एकच धरून बसलो होतो: उशीर झाला असेल. लग्न आहे, काहीतरी राहिलं असेल. नवरदेवाचा बूट हरवला असेल. लाइट गेली असेल. आपल्या लग्नात काय काय राहत नाही?

हॉलबाहेर गाड्या ओळीनं लावलेल्या. वाजंत्री नाही, गर्दी नाही. आत गेलो तर जेवणं चालू होती. गोरी माणसं पुरीनं श्रीखंड खाऊन राह्यली होती, एकमेकांना दाखवत. मांडवात कोणी नव्हतं. खाली तांदूळ पडलेले. अंतरपाट घडी घालून खुर्चीवर ठेवलेला.

मयुरीनं मला आधी बघितलं. मुंडावळ्या अजून कपाळावर होत्या. अंगावर पिवळी साडी होती. जुनी, विरलेली, काठ फिका पडलेला. ती मी ओळखली. आमच्या मामानं संगीताच्या लग्नात दिलेली. संगीतानं ती एवढ्या लांब आणून जपली होती हे मला माहीत नव्हतं.

ती धावत आली, पाया पडली. "मामा! दमलात ना? जेवलात का?"

संगीता पुऱ्यांचं ताट घेऊन चालली होती. तिनं माझ्याकडं बघितलं. डोळे सुजलेले दिसले, किंवा मला तसं वाटलं. म्हणाली, "आलास. हात धुऊन घे दादा, पुऱ्या गार होतेत."

दाजींनी खुर्ची दिली. डॅनियलनं हात मिळवला. त्याची आजी चाकाच्या खुर्चीत होती, तिनं माझा हात दोन्ही हातांत धरून विचारलं, प्रवास कसा झाला, किती वेळ लागला. मयुरीनं मराठीत सांगितलं, "मामा, त्या विचारतात किती तास." मी बोटांनी काहीतरी दाखवलं. कोणी एका शब्दानं बोललं नाही. पाहुण्याला वाढावं तसं मला वाढलं, आग्रह केला, आणखी एक पुरी घ्या म्हणाले. मी भांडण घालायला आणि खायला, दोन्ही जन्मभर मोकळ्या मनानं बसलोय. त्या दिवशी ताटातली पुरी नुसती मोडत बसलो.

नंतरचे दिवस

आठ दिवस राहिलो. दाजींनी गोठा दाखवला. गाई स्वतःहून रांगेत येऊन गोल फिरणाऱ्या चाकावर चढतात, दूध देतात आणि उतरून चरायला जातात. बांधलेली एकही नाही. आपल्या बैलालाही एवढी शिस्त नाही. सूर्य तिकडं उत्तरेकडून फिरतो, आणि संध्याकाळी जेवणं झाली तरी मावळत नाही. लोक अनवाणी दुकानात जातात आणि त्याचं कोणाला काही वाटत नाही.

एका रस्त्यावर चेरीचं दुकान बघितलं. दुकान म्हणजे लाकडी मांडणी, त्यावर फळांच्या पिशव्या, कडेला पैशांची पेटी. माणूसच नाही. पिशवी घ्या, पाटीवर लिहिलेले पैसे टाका, जा. मी बराच वेळ तिथं उभा राहिलो. चेरी चांगली होती, देठ हिरवा, ताजी तोडलेली. भाव मला जास्त वाटला. पण कोणाला सांगणार? दाजी म्हणाले, "दादा, इथं घासाघीस करायला समोर कुणी लागतो." मी पैसे टाकले.

पिवळी नवी साडी पहिल्याच दिवशी मयुरीला दिली. तिनं हात फिरवला, छान आहे म्हणाली आणि गालाला लावली. मी म्हणालो, एकदा नेस, फोटो काढू. ती म्हणाली, "आता कशाला, मामा? ठेवते." त्यात राग नव्हता. खरंच आता कशाला, एवढंच होतं. घड्याळ मात्र तिनं लगेच हातात घातलं. ते कसं घेतलं हे मी कोणाला सांगितलं नाही.

संगीता बोलेल म्हणून रोज वाट बघत होतो. ती बाजरीची भाकरी करायची, ठेचा करायची, राजूरच्या सगळ्यांची चौकशी करायची. शेवटी एका संध्याकाळी ती अंगणात कपडे काढत होती तेव्हा मीच म्हणालो, "एकदाची भांड ना बाई माझ्याशी. मनीच्या लग्नाला तू आली न्हाईस तर मी तीन वर्षं बोललो."

ती चादरीची घडी करत म्हणाली, "बोलून काय होतंय? तू आल्तास तेवढ्या लांबून."

"तू तीन दिवस म्हणाली होतीस. बरोबर होतं."

"बरोबर असून काय करू, दादा?" चादरीचं एक टोक तिनं माझ्या हातात दिलं. "माझं खरं ठरलं म्हणून मला बरं वाटंल असं वाटलं का तुला? मला तू पायजे होतास तिथं. बस."

आम्ही चादर दोन्हीकडून धरून झटकली आणि घडी केली. एवढंच बोलणं झालं.

परतताना

विमानतळावर मयुरी सोडायला आली. दाजींची गोठ्यावर कामाची पाळी होती, आणि संगीता घरीच रडून मोकळी झाली होती. मयुरी गाडी तिकडच्या लोकांसारखीच चालवते, काट्यावर. वाटेत ती डॅनियलच्या शेताबद्दल बोलली, पुढच्या वर्षी भारतात येऊ म्हणाली. मी हो हो करत होतो. एक गोष्ट आठ दिवस मनात होती आणि विचारायची हिंमत झाली नव्हती.

आत जायच्या रांगेशी पोचलो तेव्हा विचारली. "मयू, मुहूर्ताला तुला मांडवात कोणी आणलं?"

तिनं माझी पिशवी खाली ठेवली. "भटजी म्हणाले, 'मुलीच्या मामांनी मुलीला आणा.' मग सगळे दाराकडे बघायला लागले. पप्पा उठले. इथे वडीलच मुलीला आणतात, म्हणून डॅनियलच्या लोकांना वाटलं, बरोबर आहे. पण मी पप्पांना म्हणाले, बसा. मी सगळ्यांना सांगितलं होतं ना, हे मामाचं काम आहे."

"मग?"

"मग काय. भटजी घड्याळ बघत होते. उठले आणि एकटीच चालत आले." ती हसली, माझं समाधान करायला हसतात तशी. "फार लांब नव्हतं, मामा."

रांग पुढं सरकली. मागच्या माणसानं हळूच माझ्या पिशवीकडं बोट दाखवलं. मी ती उचलली आणि पुढं झालो.